सेवेचं गाव

(बैठकीत केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



आइसलँडवर बोल, असं मला सांगितलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तुम्हाला कशाबद्दल ऐकायचंय. २४ ऑक्टोबर १९७५. देशातल्या नव्वद टक्के बायांनी एक दिवस काम थांबवलं, नोकरीतलं आणि घरातलंही. राजधानी रेक्याविकच्या चौकात हजारो बाया जमल्या, बापे मुलांना घेऊन कचेऱ्यांत गेले. आपल्या शिबिरांमध्ये ही गोष्ट आपण इतक्यांदा सांगितली आहे की ती आता आपलीच वाटते. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला आणि १९८० साली विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, हेही आपण सांगतो. हे सगळं खरंच आहे. पण आज मी त्या चौकाबद्दल बोलणार नाही. त्या चौकापासून सहाशेहून जास्त किलोमीटर लांब, देशाच्या पूर्वेला, समुद्रापासून आत असलेल्या एका लहान गावाबद्दल मला बोलायचं आहे.

गावाचं नाव एगिल्सस्तादिर. उच्चारताना जीभ अडखळते, माझीही शेवटपर्यंत अडखळत होती. मी तिथे नव्वद दिवस राहिले, २०२३च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे. व्हिसाच तेवढ्या दिवसांचा मिळतो. लेकीचं बाळंतपण होतं. ती तिथल्या वनखात्यात नोकरी करते. जावई त्याच भागातला, शेतकऱ्याचा मुलगा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. इथे माहेरच डिंकाचे लाडू घेऊन विमानात बसलं.

आइसलँडमधली बहुतेक गावं समुद्राच्या काठावर आहेत, मासेमारीवर जगणारी. एगिल्सस्तादिरला बंदर नाही. लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास. त्या देशाच्या मानाने गाव नवंच: मूळचं एगिल्सस्तादिर हे एका शेताचं नाव, आणि त्या शेताच्या जमिनीवर १९४७ साली गाव म्हणून त्याला मान्यता मिळाली. शेत आजही आहे, गोठा आहे, गायी आहेत. शेजारून लागारफ्ल्योत नावाचं लांबलचक, नदीसारखं तळं वाहतं. त्याच्यावर १९०५मध्ये लाकडी पूल झाला आणि सगळे रस्ते इथे येऊन मिळायला लागले. म्हणजे गाव वसलं ते तिठ्यावर. आसपासच्या दऱ्यांमधल्या शेतांवर एकेक घर सुटं, शेजार दोन-तीन किलोमीटरवर. या माणसांना डॉक्टर, दूध डेअरी, दुकान, शाळा, पोस्ट, बँक एका ठिकाणी मिळावी, यासाठी हे गाव. सुरुवातीच्या इमारतींमध्ये डॉक्टरचं घर आणि दवाखाना होता. सरकारी भाषेत अशा गावाला ‘सेवाकेंद्र’ म्हणतात. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखंच, फक्त गर्दी वजा करा, बाजाराचा दिवस वजा करा, आणि डिसेंबरमध्ये चार तासांचाच उजेड धरा.

पहिल्या आठवड्यात मी गाव पाहत हिंडले तेव्हा दिसलं ते असं. दवाखान्यात परिचारिका बाया. पाळणाघरात, म्हणजे तिकडच्या बालवाडीत, बाया. म्हाताऱ्यांच्या निवासात बाया. दुकानाच्या गल्ल्यावर, ग्रंथालयात, शाळेच्या स्वयंपाकघरात, हॉटेलांच्या खोल्या आवरायला बाया. बर्फ काढायच्या यंत्रावर, विमानतळाच्या धावपट्टीवर, विजेच्या कामावर बापे. अपवाद दोन्हीकडे आहेत. इथल्यापेक्षा नक्कीच जास्त आहेत. पण ‘सेवेचं गाव’ या शब्दातली सेवा कोण करतं, हे विचारायला कुठलंही सर्वेक्षण लागत नाही. सकाळी आठला रस्त्यावर उभं राहिलं की पुरे.

एक चांगली गोष्ट आधी सांगते, नाहीतर मी नुसतीच तक्रार करायला उभी राहिले आहे असं वाटेल. गावाजवळ उर्रिदावात्न नावाचं एक तळं आहे. हिवाळ्यात सगळं तळं गोठायचं, पण काही ठिकाणी बर्फात भोकं राहायची. खालून गरम पाणी येत होतं म्हणून. तिथे बोअर घेऊन १९७९ सालापासून ते पाणी नळाने घराघरात येतं आणि त्याच्यावरच घरं तापतात. चूल पेटवणं, इंधन आणणं, राख काढणं, धुण्याला पाणी तापवणं, हे कुणाचं काम होतं हे तुम्हाला सांगायला नको. माझी विहीणबाई म्हणाली, नळाला गरम पाणी आलं तो दिवस तिच्या सासूला मताच्या हक्काहून मोठा वाटला होता. (मताचा हक्क तिथल्या बायांना १९१५ साली मिळाला, तोही आधी चाळिशीपुढच्यांना, पुरुषांच्या बरोबरीचा १९२०मध्ये.) त्याच पाण्याचा पोहण्याचा तलाव गावात आहे. तिथे आत जाण्याआधी सगळ्याजणी उघड्याने अंघोळ करतात. सत्तरीच्या, सतराच्या, पोटुश्या, ऑपरेशनचे व्रण असलेल्या. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. महिन्याभराने नव्हते.

या विहीणबाईंबद्दल थोडं सांगते. तिकडे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात, म्हणून मीही ‘ती’ म्हणते. लग्नानंतर तिचं नाव बदललेलं नाही. तिथे कुणाचंच बदलत नाही, अमक्याची मुलगी म्हणून जन्मली ती मरेपर्यंत अमक्याची मुलगी. मला याचं फार कौतुक वाटलं. लेक म्हणाली, “आई, नाव बापाचंच असतं गं.” आईचं लावायची मुभा आहे, लावणारे थोडेच.

विहीणबाई सत्तरीच्या पुढची, गायी आणि मेंढ्या सांभाळलेली. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ती हालोर्मस्तादुरच्या गृहिणी-शाळेत शिकली. गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर, तळ्याच्या काठी, देशातल्या सर्वांत मोठ्या जंगलात ही शाळा आहे. १९३० साली सुरू झाली. पहिल्या मुख्याध्यापिका सिग्रून ब्लन्दाल १९४४ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, तिथे होत्या. शेतावरच्या मुलींना घराबाहेर पडून शिकायला मिळावं, विणकाम, स्वयंपाक, हिशेब, वाचन यावं, हा हेतू. आपल्याकडच्या जुन्या समाजसुधारकांनी मुलींसाठी काढलेल्या शाळा आठवा. बाईला शिकवायचं, पण घरासाठी शिकवायचं. १९७० साली रेक्याविकमध्ये ‘लाल मोजेवाल्यां’ची चळवळ उभी राहिली आणि त्यांनी गृहिणीपणाच्या या कल्पनेवरच टीका केली. चळवळीतल्या बायांचं बरोबर होतं, असं मी विहीणबाईला म्हणाले. ती हसली. म्हणाली, “मला सात भावंडं होती. त्या शाळेत मला पहिल्यांदा स्वतःचा पलंग मिळाला.” याच्यावर मी काय बोलणार? अशा शाळा देशात बऱ्याच होत्या, आता दोन उरल्या आहेत. हालोर्मस्तादुरची शाळा २०१९पासून निसर्गाला धरून जगणं, कापड, अन्न यांचं शिक्षण देते, मुलगे-मुली दोघांनाही. तेच विणकाम, तेच टिकवण्याचे पदार्थ. बायका करत होत्या तेव्हा ते घरकाम होतं.

१९७५च्या त्या दिवशी ती काय करत होती, हे मी अर्थातच विचारलं. तिने सकाळी गायींचं दूध काढलं आणि संध्याकाळीही काढलं. “गायींना संप कळत नाही,” म्हणाली. मधल्या वेळात मात्र स्वयंपाक केला नाही, आणि नवऱ्याने दुपारी थंड मटण आणि ब्रेड खाल्ला. एवढाच तिचा संप. नव्वद टक्क्यांत ती धरली गेली की नाही हे तिला माहीत नाही.

तिच्या बोलण्यातून मला तिकडच्या महिला मंडळांचं महत्त्व कळलं. आपण कधीकधी महिला मंडळ म्हटलं की नाक मुरडतो, हळदीकुंकू आणि पाककृती म्हणून. आइसलँडमधलं पहिलं महिला मंडळ १८६९ सालचं आहे, उत्तरेकडच्या खेड्यातलं. गेली दीडशे वर्षं या मंडळांनी केक भाजून, मोजे विणून, चहापाणी करून पैसे उभे केले आणि दवाखान्यांना यंत्रं दिली, अजूनही देतात. म्हणजे सरकारने करायचं काम बायांनी ओव्हनमध्ये भाजून दिलं. याला दातृत्व म्हणायचं की सरकारी खर्चातली बचत, हे तुम्हीच बघा.

आता धरणाकडे येते. ते टाळून या गावाबद्दल बोलता येत नाही.

पूर्वेकडची माणसं राजधानीकडे निघून चालली होती, विशेषतः तरुण मुली. शिकायला जायच्या आणि परत यायच्या नाहीत. पूर्व भागात आजही बापे जास्त आणि बाया कमी आहेत. यावर उपाय म्हणून योजना आली ती अशी: डोंगरातल्या हिमनदीच्या पाण्यावर काउराह्न्यूकार इथे धरण बांधायचं, ६९० मेगावॉट वीज काढायची, आणि ती जवळजवळ सगळी रेयदारफ्योर्दुर या बंदरात अल्कोआ कंपनीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला द्यायची. ऑगस्ट २००१मध्ये देशाच्या नियोजन संस्थेने पर्यावरणाच्या कारणावरून योजना नाकारली. डिसेंबरमध्ये पर्यावरण मंत्र्यांनी तो निर्णय फिरवला. पर्यावरण मंत्री होत्या सिव फ्रिद्लेयफ्सदोत्तिर, आणि योजना नेटाने रेटणाऱ्या उद्योगमंत्री होत्या वाल्गेर्दुर स्वेरिस्दोत्तिर. दोघीही बाया. विरोधात २००२ साली रेक्याविकमध्ये हिल्दुर रूना हाउक्सदोत्तिर (गायिका ब्योर्कची आई) उपोषणाला बसल्या, त्याही बाईच. सत्तेवर बाई आली की धोरण आपोआप बदलतं, असं अजूनही मानणाऱ्या आपल्यातल्या काहीजणींसाठी हे मुद्दाम सांगितलं.

२००३मध्ये काम सुरू झालं, २००७मध्ये कारखान्याला वीज मिळाली. धरणाखाली माणसांची गावं गेली नाहीत, तो उजाड डोंगराळ भाग होता. रेनडिअर आणि हंसांची कुरणं गेली. आपल्या धरणांशी तुलना करताना हा फरक विसरू नका. पण एका नदीचं गढूळ पाणी वळवून लागारफ्ल्योतमध्ये सोडलं आणि तळं आणखी गढूळ झालं. उजेड खाली पोचेना, मासे कमी झाले. या तळ्यात एक अजस्र साप राहतो अशी जुनी कथा आहे. गावातली माणसं म्हणतात, आता तो असला तरी दिसायचा नाही.

धरणाच्या काळात एगिल्सस्तादिरमध्ये घरंच घरं बांधली. मग २००८ साली देशाच्या बँका कोसळल्या, घरं रिकामी राहिली, आणि शंभर वर्षांची शेतकऱ्यांची सहकारी संस्था दुकानं गमावून बसली. आपल्या सहकारी संस्थांची हालत बघितलेल्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. कारखाना चालू राहिला. निम्म्या बाया कामावर घेऊ, असं कंपनीने सुरुवातीला जाहीर केलं होतं. निम्म्या काही झाल्या नाहीत. माझा जावई तिथे वीजतंत्रज्ञ आहे, रोज बसने चौतीस किलोमीटर जातो, पाळ्यांमध्ये. बालवाडी पाळ्यांमध्ये चालत नाही. तेव्हा नवराबायकोपैकी कुणाची नोकरी दिवसाची, लवचीक आणि कमी पगाराची असणार? त्यासाठी कुणी कट करावा लागत नाही.

मी नर्मदेच्या मोर्च्यांत चाललेली बाई. विहीणबाईशी माझं यावर कडाक्याचं भांडण झालं, लेक मध्ये दुभाषी. शेवटी ती म्हणाली, “कारखाना नसता तर माझा मुलगा परत आला नसता, आणि तुझी मुलगी त्याच्याबरोबर इथे राहिली नसती.” लेकीने हे भाषांतर करताना माझ्याकडे बघितलं नाही. मी अजूनही म्हणते की शंभर छोटी कामं उभी करता आली असती, बायांना जमतील आणि ठेवतील अशी. पण तिचा प्रश्न पोकळ नव्हता.

मी पोचल्यावर दहाच दिवसांत २४ ऑक्टोबर २०२३ आला. त्या दिवशी १९७५नंतर पहिल्यांदा पूर्ण दिवसाचा संप पुकारला होता. मधल्या काळात काही तास काम थांबवण्याचे दिवस झाले होते. घोषणा होती, “याला समता म्हणता?” पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर यांनीही काम बंद ठेवलं. गावातली बालवाडी बंद होती. बापे मुलांना घेऊन हिंडत होते, दुकानात गल्ल्यावर एकच बापडा तरुण घामाघूम. मला फार आनंद झाला. संध्याकाळी शेजारची पोलंडहून आलेली बाई जिन्यात भेटली. ती एका हॉटेलात खोल्या आवरते. आज काम केलं, म्हणाली. पाहुणे होते, चादरी बदलायच्या होत्या, आणि थांबायची मुभा आहे का हे विचारावं असं तिला वाटलं नाही. संपाच्या पत्रकात परदेशी कामगार बायांचा उल्लेख ठळकपणे होता. पत्रक तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आपल्याकडे ८ मार्चच्या मेळाव्याच्या दिवशी आपल्या घरची भांडी कोण घासतं, ते मी इथे विचारत नाही. विचार माझ्या मनात आला एवढंच.

आणि बाळंतपण. तुमच्यापैकी ज्या आरोग्याचं काम करतात त्यांनी हे नीट ऐकावं.

गाव सेवाकेंद्र आहे, दवाखाना आहे, गरोदरपणाची तपासणी सुईण तिथेच करते. पण प्रसूती तिथे होत नाही. पूर्व भागातली बाळंतपणं नेसकाउपस्तादुर या बंदरातल्या इस्पितळात होतात, सुमारे सत्तर किलोमीटरवर. वाटेत एक खिंड, मग दोन बंदरं, मग डोंगर. पूर्वी हा डोंगर सहाशे मीटरहून उंच घाटाने ओलांडावा लागे, वर एकेरी बोगदा. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये खालून साडेसात किलोमीटरचा नवा बोगदा झाला आणि घाट सुटला. खिंड आहेच, वाऱ्या-बर्फात ती बंद होते. धोक्याचं बाळंतपण असेल तर आकुरेयरी, अडीचशे किलोमीटर, किंवा विमानाने रेक्याविक. म्हणून रेक्याविकचा शहरातला विमानतळ हलवायची चर्चा निघाली तेव्हा २०१३ साली सुमारे सत्तर हजार लोकांनी विरोधात सह्या केल्या, सव्वातीन लाखांच्या देशात. राजधानीतल्यांना ती घरांसाठी मोक्याची जागा दिसते. खेड्यातल्यांना ती इस्पितळाजवळची धावपट्टी दिसते.

आम्ही दिवस भरायच्या आधीच निघालो आणि इस्पितळाजवळ खोली घेऊन पाच दिवस राहिलो. परवडलं म्हणून राहिलो. तिसऱ्या रात्री खिंड बंद झाली. त्या रात्री आम्ही गावात असतो तर, हे मी अजून मनातल्या मनात पूर्ण करत नाही. पाचव्या दिवशी नात झाली, सुखरूप. सुईण शांत, हळू बोलणारी, लेकीला एकदाही ‘ओरडू नकोस’ म्हणाली नाही. आपल्या सरकारी इस्पितळांतल्या प्रसूतिकक्षात काय बोललं जातं त्याच्या नोंदी आपण केल्या आहेत, म्हणून हे सांगितलं.

सुईणीला त्यांच्या भाषेत ‘ल्योसमोदिर’ म्हणतात. म्हणजे प्रकाशाची आई. २०१३ साली लोकांनी मतं देऊन हा त्यांच्या भाषेतला सर्वांत सुंदर शब्द ठरवला. पाचच वर्षांनी, २०१८मध्ये, याच सुईणींना पगारासाठी लढावं लागलं. परिचारिकेची चार वर्षांची पदवी आणि त्यावर आणखी दोन वर्षं शिकून सुईण व्हायचं, आणि पगार काहींच्या बाबतीत परिचारिका असताना होता त्याहूनही कमी. अनेकींनी राजीनामे दिले, जादा तास नाकारले, तेव्हा बोलणी पुढे सरकली. त्याच वर्षी समान पगाराचं प्रमाणपत्र घेण्याची सक्ती करणारा कायदाही अमलात आला होता, पंचवीसपेक्षा कमी माणसं नसलेल्या सगळ्या ठिकाणी. पण तो कायदा एकाच मालकाकडच्या कामांची तुलना करतो. बालवाडीचा पगार आणि कारखान्याचा पगार तो एका तागडीत टाकत नाही.

घरी आल्यावर पहिला आठवडा सुईण जवळजवळ रोज यायची, फुकट. आळिवाचे लाडू तिने चवीने खाल्ले. जावयाने रजा घेतली. २०२१पासून आई आणि बाप दोघांना सहा-सहा महिने मिळतात, त्यातले सहाच आठवडे एकमेकांना देता येतात. बापाने घेतली नाही तर ती रजा वाया जाते, म्हणून बापे घेतात. मी त्याला रात्री दोन वाजता लेकराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना बघितलंय.

वर्षाची रजा संपते आणि बालवाडीत जागा मिळायला कधीकधी आणखी काही महिने लागतात. मधली फट कोण भरतं? नातीची जागा पुढच्या सप्टेंबरात होती. विहीणबाईचे गुडघे गेलेत. माझा व्हिसा संपला. लेक सध्या अर्धा वेळ काम करते आहे, अर्ध्या पगारावर, आणि पुढे पेन्शनही तेवढंच कमी. परवा फोनवर मी तिला म्हटलं, जावयाला अर्धा वेळ घेता येत नाही का? ती म्हणाली, “पाळीत अर्धा माणूस चालत नाही, आई.”

एवढं मला सांगायचं होतं. प्रश्न विचारा. धरणाच्या आकड्यांबद्दल असतील तर सावकाश सांगते, प्रसूतीच्या व्यवस्थेबद्दल असतील तर आधी तेच घेऊ.